राग नसलेला ठोसा

शनिवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, लाइट येतेय जातेय, इन्व्हर्टर कुंई कुंई करतोय. नाक जरा सुजलंय, पण आज लिहायचंच असं बॉक्सिंगच्या क्लासमधून निघतानाच ठरवलं होतं.

आज पहिल्यांदा खरं स्पारिंग केलं. आतापर्यंत नुसता सराव चालला होता, म्हणजे सर पॅड धरणार आणि आपण त्यावर जॅब-क्रॉस जॅब-क्रॉस (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस मागच्या हाताचा), नाहीतर कोपऱ्यात लटकवलेल्या बॅगेवर राग काढायचा. राग म्हणजे सगळे म्हणतात म्हणून, मला बॅगेवर कधी राग आलाच नाही, उगाच बिचारी. पण आज समोर माणूस होता. माणूस म्हणजे कॉलेजातला पोरगा, मला अंकल म्हणतो, हसतमुख, अंगाने काटकुळा पण हात इतके लांब की ठोसा येतो कुठून तेच कळत नाही.

बायको म्हणते चाळिशी उलटल्यावर हे कसलं खूळ. बरोबर आहे तिचं. पण तिलाच सगळ्यात जास्त माहितीये मी कसा आहे ते. मागे पेट्रोल पंपावर एकाने लाइनीत गाडी घुसवली तेव्हा भांडली ती, आणि मी हेल्मेटचा पट्टा नीट करत उभा होतो. पट्टा नीटच होता.

मला मारामारीची भीती वाटते. लहानपणापासून. नुसता कोणी आवाज चढवला तरी तोंड कोरडं पडतं, हात गार, बोटं थरथरतात, आणि बोलायला गेलो तर आवाज असा बारीक येतो की स्वतःलाच लाज वाटावी. आता माहितीये की हे अ‍ॅड्रेनालिन असतं, धोका दिसला की शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं, पचन आणि लाळ वगैरे बाजूला राहतात म्हणून तोंड सुकतं. कळतंय सगळं. पण समोरचा ओरडायला लागला की कळलेलं काय उपयोगाला येतंय.

लहान होतो तेव्हा पप्पांच्या ऑफिसातल्या एका मित्राने आम्हाला गोव्यातल्या सासष्टीत धिरयो बघायला नेलं होतं. 1996 ला हायकोर्टाने बंदी घातली त्याच्या आधीची गोष्ट. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, दोन रेडे किंवा बैल शेतात समोरासमोर आणतात, शिंगं अडकतात, आणि जो तोंड फिरवून पळाला तो हरला. पॉइंट नाहीत, वेळ ठरलेली नाही. त्या दिवशी एक बैल जरा वेळ ढकलाढकली करून चक्क वळला आणि शेतातून जो सुटला तो सुटलाच, त्याचा मालक मागे धावतोय, पैजा लावलेले शिव्या देतायत, बाकीचे पोट धरून हसतायत. मला तो बैल फार हुशार वाटला. पण हसणारी माणसं पण बघितली ना मी. तेव्हापासून पळायचं तर कोणाच्या लक्षात येणार नाही असं पळायचं, हे मी शिकलो असणार. हेल्मेटचा पट्टा वगैरे.

बॉक्सिंगकडे वळलो ते 2023 ला. 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा एका दोस्ताकडे वेळ होता आणि मला घरी काम होतं, म्हणून आम्ही सामने बघायला गेलो. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. दोन मुली अशा तुटून पडल्या एकमेकींवर की माझा हात आपोआप तोंडावर गेला. मग घंटा झाली आणि त्याच दोघी एकमेकींच्या गळ्यात. नाटकी नाही, खरंच. एकीने दुसरीच्या कोचलाही जाऊन हात मिळवला. मला ते काही केल्या पचेना. येताना गाडीत दोस्त बडबडत होता आणि माझ्या डोक्यात तेच, की आत्ता जिने हिला मारलं तिला राग कसा नाही आला.

क्लास शोधून आत पाऊल टाकेपर्यंत पुढे किती पावसाळे गेले ते नको विचारू, डायरी.

सर जुने बॉक्सर आहेत, कोकणीतूनच बोलतात, आणि पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला ठोसा मारूच दिला नाही. उभं कसं राहायचं, डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, हनुवटी खाली. हनुवटीचं कारण त्यांनी बोट लावून दाखवलं. जबड्याच्या टोकाला बाजूने बसला की डोकं झटकन फिरतं आणि आत मेंदू हलतो, माणूस आडवा होतो तो त्याने. मग हाताला पट्टी बांधायला शिकवली, साडेचार मीटर लांब, अंगठ्यात अडकवून मनगट, मग बोटांची मुळं, मग बोटांच्या मधून, परत मनगट. ही पट्टी बांधायची वेळ मला सगळ्यात जास्त आवडते. पोरं गप्पा मारत दोन मिनिटात बांधतात, मी नवरदेवाच्या मुंडावळ्या बांधाव्यात तशी सावकाश बांधतो.

ठोसा मारताना श्वास सोडायचा, तोंडाने स्स करून. हे आधी मला स्टाइल वाटलं होतं. पण श्वास धरून ठेवला की एका राउंडमध्ये माणूस संपतो, आणि लांब श्वास सोडला की छातीतली धडधड खरंच खाली येते. भीती वाटली की मी श्वास धरतो हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.

तर आज. माउथगार्ड काल रात्रीच गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवला होता, बायको म्हणाली आजोबांची कवळी. सोळा औंसचे जाड ग्लोव्हज, डोक्याला हेडगार्ड. हेडगार्डबद्दल एक सांगतो, कारण मलाही वाटत होतं की ते घातलं म्हणजे झालं. त्याने कातडी फुटण्यापासून वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. मोठ्या पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून तर 2013 ला ते काढूनच टाकलं, रिओला 2016 मध्ये पुरुष उघड्या डोक्यानेच खेळले. म्हणून आमच्याकडे स्पारिंग हलकं असतं, आणि माझ्यासारख्या वयस्करांना सरांनी आधीच बजावलंय की डोकं गरगरलं, मळमळलं, की त्या दिवशी बंद, मर्दपणा दाखवायचा नाही. हे ऐकून मला सर जास्तच आवडले.

घंटा झाली आणि मी डोळे मिटले. अक्षरशः. पोराचा जॅब यायच्या आधीच डोळे बंद. तो कपाळावर हलकेच टेकला, दुसरा टेकला, तिसरा नाकावर बसला आणि डोळ्यातून पाणी. बाहेरून सर ओरडले, "दोळे धांपता कित्याक? पळय ताका!" म्हणजे डोळे मिटतोस कशाला, बघ त्याच्याकडे. डोळे उघडले तर पोरगा समोर तसाच, चेहऱ्यावर काही नाही, उलट जरा काळजीच, माउथगार्डमधून "थॉरी अंकल" म्हणाला. माझे हात थरथरायला लागले होते, ग्लोव्हजच्या आत, बाहेर दिसत नसणार. तेच सगळं, तोंड कोरडं, कान बंद झाल्यासारखे. मी मागे मागे जाऊन दोरीला टेकलो. तेव्हा सर दोरीपाशी आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तो तुजेर रागार ना मरे."

तो तुझ्यावर रागावलेला नाहीये.

यापुढचा राउंड मी काय भारी वगैरे खेळलो नाही. पण बघितलं. हात येताना दिसला, एकदोनदा डोकं बाजूला पण झालं आपोआप, आणि जे लागले ते लागले. नाकाला लागलं की दुखतं. इतकंच. त्याच्या पुढे काही होत नाही, कोणी तुझा अपमान करत नाही, कोणी उद्या तुझ्याशी बोलायचं बंद करत नाही.

घरी येताना रेनकोटात भिजत हाच विचार. पप्पांनी मला कधी हात लावला नाही, एकदाही नाही. पण त्यांचा आवाज चढला की घरात भांडीसुद्धा वाजायची नाहीत. आई पदराला हात पुसत आत जायची आणि मी पुस्तक उघडून बसायचो. मारामारीची भीती मारामारीची मी म्हणत आलो, आणि मार मी कधी खाल्लाच नव्हता. मला भीती रागाची होती. मार आणि राग माझ्या डोक्यात एकच होते, ते आज एका पोराने नाकावर मारून वेगळे केले.

माइक टायसनचे जुने कोच कस डमाटो सांगायचे की शूर आणि भित्रा दोघांना आत सारखंच वाटतं, फरक ते पुढे काय करतात त्यात. खुद्द टायसन 1982 मध्ये ज्युनियर ऑलिंपिकच्या वेळी मॅचच्या आधी बाहेर उभा राहून रडत होता. मला हे अर्धं पटतं. वाटतं सारखंच, मान्य. पण मला कशाची भीती वाटतेय तेच चुकीचं माहीत असेल तर पुढे करणार काय? आणि ते रीलवाले, बॉक्सिंग करा आत्मविश्वास वाढवा, त्यांचं तर सोडाच. आत्मविश्वास वगैरे वाढलेला नाही. रस्त्यावर कोणी भांडायला आलं तर सरांचा सल्लाही पळ असाच आहे.

पण गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एक जण माझ्या स्कूटरवरून भांडत अंगावर आला. शुक्रवारचा बाजार, चवथीच्या आधीची गर्दी, त्याची गाडी अडकलेली. तो ओरडत होता आणि माझे हात नेहमीसारखे गार. फक्त मी लांब श्वास सोडला, आणि पहिल्यांदा तो काय बोलतोय ते मला ऐकू आलं. गाडीत त्याची आई होती, डॉक्टरकडे न्यायची होती. एरवी मी सॉरी सॉरी करत पळालो असतो किंवा गप्प उभा राहिलो असतो, शब्द डोक्यात शिरलेच नसते. स्कूटर सरकवली, मागच्या फळवाल्याला क्रेट हलवायला सांगितलं, गाडी निघाली. तो जाताना हात वगैरे करून गेला नाही, रागातच गेला. गेला तर गेला.

आता उरलेला घोळ. दोन राउंड झाल्यावर पोरगा हेडगार्ड काढत म्हणाला, "अंकल, तुम्ही मारतच नाही. ग्लोव्ह तोंडाच्या आधीच थांबवता." मी म्हटलं अरे तुला लागेल. तर म्हणतो, "लागू दे ना, मग मी डिफेन्स कसा शिकणार? माझी पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे." सर हसत होते. मी इतका वेळ समजत होतो की मी त्याच्यावर उपकार करतोय.

मंगळवारी परत त्याच्याशीच लावलंय. जॅब खरा मारायचा, नाकावर. बायकोला सांगितलं तर म्हणाली आधी त्याच्या आईला विचार.