टायमर बंद, बॉयलर चालू

घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर त्याचा टायमर बंद असतानाही पेटतो, ही तक्रार आमच्या बॉयलर-दुरुस्तीच्या धंद्यात नेहमीची. बहुतेक वेळा टायमरचं घड्याळ चुकलेलं असतं, नाहीतर कुणीतरी 'सतत चालू'चं बटण दाबून विसरून गेलेलं असतं. या घरात मात्र माझ्याआधी आलेल्या कारागिराने टायमरच बदलून टाकला होता आणि नव्या टायमरवरही रडगाणं तेच. घरात म्हातारं जोडपं. आजोबांना श्वासाचा त्रास, त्यामुळे ते दिवसभर घरातच. खोल्या गार, आणि गॅसचं बिल वाढतंय.

आजींनी माझ्यासमोर एक वही ठेवली. रात्री झोप लागत नाही म्हणून बॉयलर कधी पेटतो आणि कधी विझतो, हे त्या घड्याळ बघून टिपत बसल्या होत्या. २.१० ला पेटला, २.१४ ला विझला, २.२९ ला पुन्हा पेटला, असं पहाटेपर्यंत. बॉयलरच्या गरम पाण्यावर तापून खोली ऊबदार करणाऱ्या रेडिएटरबद्दल पानाच्या तळाशी लिहिलं होतं : 'रेडिएटर गारच.'

या दोन शब्दांनी माझं निम्मं काम केलं. रेडिएटर गरम असते, तर रेडिएटरकडे पाणी सोडणारा मोटरचा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकलाय असं मी धरलं असतं. पण बॉयलर पेटतो आणि पाणी रेडिएटरपर्यंत जातच नाही, याचा अर्थ व्हॉल्व्ह नीट बंद होतोय. बॉयलरला मात्र तो उघडा असल्याची खबर मिळतेय. मग पंप ते पाणी बायपासच्या, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून बॉयलरकडेच परतणाऱ्या आखूड पाइपातूनच फिरवत राहणार. ते चार मिनिटांत तापणार, बॉयलर आपल्या मर्यादेला पोचून विझणार, पाणी जरा निवलं की पुन्हा पेटणार. आजींच्या वहीत हेच तर उतरलं होतं.

टायमर बॉयलरला थेट पेटवत नाही, हे घरात राहणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. या घरातल्यासारख्या, गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या रचनेत टायमरचा फेज (चालू वीज) आधी खोलीच्या थर्मोस्टॅटकडे, म्हणजे तापमानावर चालणाऱ्या स्विचकडे, जातो. खोली गार असेल तर थर्मोस्टॅट तो पुढे व्हॉल्व्हच्या मोटरला देतो. मोटर व्हॉल्व्ह उघडते, आणि तो पुरता उघडला की आतला छोटासा स्विच, म्हणजे मायक्रोस्विच, दाबला जातो. या मायक्रोस्विचमधूनच बॉयलरला आणि पंपाला चालू होण्याचा इशारा जातो. टाकीचाही असाच वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळा थर्मोस्टॅट. म्हणजे बॉयलरला शेवटचा शब्द मिळतो तो व्हॉल्व्हकडून, आणि भिंतीवरचा टायमर दहादा बदलला तरी तिथला बिघाड जागच्या जागीच राहतो.

कपाटातली जोडणीची पेटी उघडली. टायमर बंद केला, दोन्ही थर्मोस्टॅट पार खाली आणले. वीज तपासायचा मीटर लावला. दोन्ही व्हॉल्व्हच्या तपकिरी वायरवर काही नाही, म्हणजे मोटरला कुणी 'उघड' म्हणत नव्हतं. बॉयलरकडे जाणाऱ्या नारिंगी वायरवर मात्र पुरा फेज. या व्हॉल्व्हच्या करड्या वायरवर कायम फेज असतो, टायमर बंद असला तरी. म्हणून मेन स्विच पाडून, मीटरने खात्री करून मगच मी हात घातला. 'टायमर बंद आहे ना' म्हणून या पेटीत बोटं घालणारे मी पाहिलेत. माझा जीव वरखाली होतो. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची नारिंगी वायर सोडवून टोक झाकलं, मेन पुन्हा चालू केला. बॉयलर गप्प.

व्हॉल्व्हचं मोटर असलेलं डोकं पाणी न काढता बदलता येण्यासारखं होतं, ते बदललं. जुनं तिथेच खोलून आजींना दाखवलं. मायक्रोस्विचचे दोन काँटॅक्ट काळे पडून एकमेकांना चिकटले होते. आजींनी चष्मा लावला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक कुठे आहे ते पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा पत्रीनं?"

बिघाड निघाला, पण खोल्या गार का, हा प्रश्न उरलाच होता. नवा टायमर कारखान्यातून आला तसाच होता : सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी पुन्हा, मधला दिवस बंद. दिवसभर घराबाहेर राहणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. इथे एक आजारी माणूस दिवसभर खुर्चीत बसून होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात निदान १८ अंश सेल्सिअस असावेत असं म्हटलंय, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांना याहून जास्त लागू शकतात असंही. मशीन बसवणाऱ्याने घरातल्या माणसांचा दिवस कसा जातो, हे विचारल्याशिवाय टायमर लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून वेळ आणि तापमान दोन्ही ठरवता येणारा थर्मोस्टॅट बसवला. दिवसा २१, रात्री १८, पूर्ण बंद कधीच नाही. तो आजोबांच्या बैठकीच्या खोलीत, ऊन आणि वारा थेट लागणार नाही अशा भिंतीवर. त्या खोलीतल्या रेडिएटरचा आकड्यांचा नॉब पूर्ण उघडून ठेवला, नाहीतर नॉब रेडिएटर आधीच बंद करतो आणि थर्मोस्टॅट 'अजून गार आहे' म्हणत बॉयलर चालवत राहतो. घर तापायला वेळ लागतो, म्हणून आजोबांच्या उठण्याच्या तासभर आधीची वेळ लावली. बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ८० वरून ६५ वर आणलं. बॉयलर कंडेन्सिंग जातीचा, म्हणजे धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेची उष्णता नीट हाती लागते. आणखी उतरवलं असतं, पण टाकीतलं पाणी ६० ला ठेवायचं होतं. कोमट साठ्यात लिजिओनेला जंतू वाढतात, तिथे काटकसर नको.

आजींनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग मी म्हटलं, "आता तुम्ही लावून दाखवा." रविवारची वेळ त्यांनी स्वतः बदलली, पहिल्यांदा बटण चुकलं, दुसऱ्यांदा जमलं.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. बैठक आता आजोबा उठण्याच्या बऱ्याच आधी तापते, म्हणून सकाळची वेळ त्यांनी अर्ध्या तासाने पुढे नेली होती. चालेल ना, एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, चालेल. फक्त कडाका वाढला की पुन्हा मागे घ्या.