आमची वाटचाल : मोठ्यांची कुंची

आमचं दुकान म्हणजे घराची ओसरी. पाटीसुद्धा हातभरच. पण क्रोशाची कुंची कुठे मिळेल असं निफाड तालुक्यात विचारलं तर लोक आमच्या दाराकडे बोट दाखवतात, हे आधीच सांगून टाकते. बाळाला घालतो तसलीच कुंची, फक्त मोठ्यांची आणि गळ्याशी बंद. डोक्यातून घातली की मान, कान, डोकं सगळं झाकलं जातं, बाहेर राहतं ते तोंड.

सुरुवात मी आणि थोरल्या जाऊबाईंनी केली. त्यांचा जन्म तोरणं आणि ताटावरचे रुमाल विणण्यात गेलेला, हात घट्ट. माझा हात सैल. म्हणून आजही गळा माझ्याकडे आणि तोंडाची कड त्यांच्याकडे. आता गटातल्या बायका विणतात, तरी कड जाऊबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय माल पिशवीत जात नाही.

आमची पहिली सुई साधी ॲल्युमिनियमची, ६ मिलिमीटरची. दिवसभर विणलं की बोटं काळी व्हायची आणि पांढऱ्या लोकरीवर राखाडी छटा यायची. पुढे भाचीकडून हिरोशिमाच्या ट्युलिप कंपनीची सुई मागवली, अंगठ्याखाली मऊ मूठ असलेली. किंमत ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यात किलोभर लोकर आली असती." आता तीच सुई त्या उशाशी घेऊन झोपतात. नवशिक्या बायका लोकरीला पैसे घालतात आणि सुईला हात आखडता घेतात. उलटं करा. सुईच्या चोचीची खाच नीट नसेल तर धाग्याचे पदर फाटतात, आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

कुंचीला आम्ही ८४ साखळ्या घालतो, पीळ न पडू देता गोल जोडतो आणि अर्ध्या खांबाने, म्हणजे क्रोशाच्या मध्यम उंचीच्या टाक्याने, वीतभराहून थोडा जास्त गळा चढवतो. मग पुढे चार बोटं जागा सोडून उरलेल्या टाक्यांवर जाऊन-येऊन ओळी, साधारण ३० सेंटिमीटर. वरून दुमडून मुक्या खांबाच्या आखूड टाक्याने जोड. इथवर कोणीही करेल. खरी कुंची कडेत आहे.

ती कड आम्हाला आमच्या दूधवाल्या दादांनी शिकवली, सुई कधी हातात न धरता. पहाटे चारला मोटारसायकलला कॅन लावून निघणारा माणूस. पहिल्या खेपेची एक कुंची त्यांनी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दारात उभे. "वहिनी, ऊब चांगली आहे हो, पण कानाशी वारं शिट्टी वाजवतंय." जाऊबाईंनी आख्खी कड उसवली. टाक्याच्या डोक्यात सुई न घालता खालच्या खांबाच्या अंगालाच एकदा पुढून, एकदा मागून वळसा देत चार ओळी विणल्या. अशी कड ताणली की पसरते आणि सोडली की गालाला येऊन बसते. दादांची ती कुंची अजून चालू आहे. दर दिवाळीला कड बदलून घेतात, पैसे विचारत नाहीत, सरळ ठेवून जातात. त्यांना पाहूनच निम्मं गाव आमच्याकडे आलं.

मग २०१८. त्या वर्षाबद्दल लिहायचं नाही असं घरात ठरलं होतं, पण लिहिते.

गणपतीच्या आधी शहरातले एक व्यापारी आले. नाव घेत नाही. नमुने घेतले, जाऊबाईंच्या हातचा चहा घेतला, "ताई, तुमच्या हातात जादू आहे" म्हणाले आणि चारशे नगांची ऑर्डर दिली. आगाऊ रक्कम नावापुरती. आम्ही लुधियानाच्या लोकरीची पोती उधारीवर उचलली. बायकांनी घरातली दिवाळी सोडून विणलं. दिवाळीनंतर निम्म्याहून जास्त माल टेम्पोतून परत आला, चिठ्ठीवर एकच कारण : "दर जुळत नाही." पुढे कळलं, आमचाच नमुना दाखवून त्यांनी मशीनवर टोप्या काढून घेतल्या होत्या आणि अडीचशे रुपयांत "हातचा क्रोशा" म्हणून विकत होते. आमची कुंची साडेसहाशेला.

यात मला सगळ्यात काय बोचलं असेल तर ते लेबल. क्रोशा मशीनवर होत नाही. दोन सुयांचं विणकाम मशीन करतं, क्रोशाची नक्कलही करतं, पण खरा खांब अजून हातानेच विणावा लागतो. ओळखायला सोपं आहे. मशीनच्या कापडावर बारीक शेंगांचे उभे रकाने दिसतात आणि एक घर सुटलं की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका मोकळा असतो, बाकीचे बांधलेले, म्हणून तो असा सरसर खाली उसवत जात नाही. हे त्या व्यापाऱ्याला माहीत नव्हतं असं नाही.

घरात कुंच्यांचे ढीग, डांबरगोळ्यांचा वास, बायकांची मजुरी थकलेली. माझी भिशी लागली ती सगळी मजुरीत गेली. लोकरवाला रोज फोन करायचा. त्यात कांद्याचा भाव पडलेला. आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, ते हेच दिवस. अशा वेळी कुंची कोण घेणार?

डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा २ अंशांच्याही खाली गेला. द्राक्षाचे मणी तडकतील म्हणून बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या लावून बसले. दादांनी दुधाच्या कॅनशेजारी आमचं गाठोडं बांधलं आणि दूध घालता घालता बागेबागेत कुंच्या पोचवल्या. पैसे असतील त्याने दिले, कांदेवाल्यांनी उधार नेल्या. आठवड्यात ढीग संपला. उधारी पुढच्या हंगामापर्यंत येत राहिली, आणि आली, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. बुडवलं ते गावातल्या फाटक्या माणसाने नाही.

आणि शेकोटीपाशी बसणाऱ्यांनी ऐका. ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, कुंची घालून जाळाजवळ बसू नका. ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर घेताना एक धागा पेटवून बघा : खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते, ॲक्रिलिकची कडक गुठळी होते. म्हणून बागेसाठीची कुंची आम्ही मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचीच करतो, महाग पडते तरी. दख्खनी मेंढीच्या लोकरीचीही करून पाहिली. घोंगडीला ती उत्तम, मानेला टोचते.

धुवायची तर थंड पाण्यात, रिठ्याने, आणि खाटेवर पसरून वाळवायची. दोरीवर ओली टांगली की गळा गुडघ्यापर्यंत लांबतो, मग आमच्याकडे भांडायला येऊ नका. मोटारसायकलवर हेल्मेटच्या आत कुंची कोंबू नका, डोक्याचा भाग मागे टाका, गळा तेवढा राहू द्या. हे दादांनाही सांगून थकले.

ते व्यापारी मागच्या वर्षी पुन्हा आले होते. मशीनच्या मालाला आता गिऱ्हाईक नावं ठेवतं म्हणे. मी दर सांगितला, पूर्ण रक्कम आधी सांगितली. चहा या वेळी जाऊबाईंनी केला नाही.

ज्यांना हवी आहे त्यांनी डोक्याचा घेर मोजून दसऱ्याआधी कळवावं. डिसेंबरात "उद्या पाहिजे" म्हणणाऱ्यांचे फोन जाऊबाई घेतात, आणि त्यांचं बोलणंही त्यांच्या हातासारखंच घट्ट आहे.