कुलूप नवं, पण कपाटात
"अरे, मंडळाची साइट उघडली की मोबाइल धोका आहे म्हणतोय." पोह्यांवर शेव टाकतच होतो आणि काकूंचा फोन. आमच्या इंदूरच्या मंडळाची वर्गणी तिथेच भरतात.

बघतो तर सर्टबॉटने (हे काम आपोआप करणारा प्रोग्राम) साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा मुदतीचा दाखला, महिन्यापूर्वीच रिन्यू केलेलं, फाइल सर्व्हरवर मस्त पडलेली, पण साइट दाखवणारा सर्व्हर प्रोग्राम, एनजिनएक्स, रीलोडच झालं नव्हतं त्यामुळे ते आपलं मेमरीतलं जुनंच दाखवत बसलेलं आणि त्याचे ९० दिवस काल रात्री संपले. एक कमांड, झालं. (रिन्यू झालं की आपोआप रीलोड करणारा डिप्लॉय हूक लावायचा आळस माझाच.)

काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे नवं कुलूप आणून कपाटात ठेवलंस?"

अगदी तेच!

मग हळूच, "मी 'तरीही पुढे जा' दाबून भरले हो पैसे. तुझीच साइट ना."

तेव्हापासून तेच डोक्यात. आणखी किती जणांनी दाबलं असेल?