पंखा बंद करा, दगडफूल काढलंय

गोडा मसाला करायचा ठरवला की बाकीचं सगळं एका दुपारी उरकतं, दगडफूल मात्र स्वतःसाठी वेगळी दुपार मागतं. धने पाखडले की झाले, लवंग-दालचिनी कोण निवडत बसतंय, नागकेशर चिमूटभरच असतं. पण दगडफुलाच्या पुडीत सालीचे तुकडे, काटक्या, माती, शेवाळ, एखादा वाळलेला किडा असं निम्मं जंगल आलेलं असतं आणि ते बोटांनीच वेगळं करावं लागतं. परवा तेच करत बसले होते, पेपर पसरून त्यावर ढीग घातलेला, आणि भाची कॉलेजमधनं आली ती सरळ पंख्याचं बटण दाबून सोफ्यावर आडवी झाली. पुढचं सांगायला नको. सोफ्याखाली, टीव्हीमागे, तिच्या केसात, सगळीकडे दगडफूल. पन्नास ग्रॅम मागितलं तरी पिशवी भरते असली हलकी वस्तू ती, तिला काय लागतंय उडायला.

"पंखा बंद कर आधी!" असं मी जे ओरडले ना, ते अगदी आत्याच्या आवाजात.

आत्याकडे वाईला मे महिन्यात मसाल्याचा घाट घातला जायचा. माजघरात पंखा नव्हताच, होता तो बाहेरच्या खोलीत, तरी आत्या तोही बंद करायला लावायची, वर दोन्ही दारं लोटायची आणि आम्हा सगळ्या पोरांना घाम पुसत परातींभोवती बसवायची. मजुरी म्हणजे तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड, तीही काम बघून. दगडफूल वरून करडं आणि खालून काळंकुट्ट, कडा कुरळ्या. मोठा दादा त्यातला एक लांबट तुकडा काळी बाजू बाहेर करून नाकाखाली धरायचा आणि मामलेदाराच्या आवाजात आम्हाला हुकूम सोडायचा, मग हसताना कोणाचा तरी श्वास जोरात सुटला की परातीतलं अर्धं जमिनीवर. आत्या स्वयंपाकघरातनंच ओळखायची. "कोण शिंकलं रे?"

मी तेव्हा ते चोरून चावूनही बघितलंय. कडसर, मातकट, काहीच नाही. वास घ्यावा तर धुळीचा. एवढे कष्ट कशासाठी ते कळायचं नाही. मग सगळ्यात शेवटी, तीळ-खोबरं-धने होऊन कढई जरा निवत आली की आत्या त्यात चमचाभर तेल सोडायची आणि मूठभर दगडफूल टाकायची. ते आक्रसायचं, चुरचुरायचं आणि एकदम तो वास. कशासारखा ते मला आजही सांगता येत नाही, आणि हा मी माझा दोष मानत नाही, ज्याला माहितीये त्याला माहितीये. पाच-दहा सेकंद जास्त झाली की जळून कडू, त्यामुळे त्या वेळी आत्याशी कोणी बोलायचं नाही असा नियमच होता. विकतच्या मसाल्याचं पाकीट उघडलं की मी आधी तो वास शोधते, नसला तर पाकीट शेजारी जातं. घरातले म्हणतात हट्ट आहे. असू दे.

तर भाची. तिचं बीएस्सी चालू आहे आणि घरात काही खायला घेतलं की त्याचं शास्त्रीय नाव सांगायची तिला खोड आहे. केसातले तुकडे काढत म्हणाली, "मावशी, तू बुरशी खातेस हे माहितीये ना तुला?"

माहिती होतं हो. शाळेत होतंच की सहजीवनाच्या धड्यात, कवक आणि शैवाल मिळून दगडफूल. एकानं घर द्यायचं आणि दुसऱ्यानं उन्हावर स्वयंपाक करून त्याला डबा द्यायचा, अशी पेइंग गेस्टची व्यवस्था. पण तो धडा आणि आमटी यांचा संबंध कधी डोक्यात जुळला नव्हता. श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसानं 1867 मध्ये हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दगडफुलांचे मोठमोठे अभ्यासक त्याच्यावर चिडले होते. वरून करडं दिसतं ती जवळजवळ सगळी बुरशीच, हिरवं शैवाल आत पातळ थरात जपून ठेवलेलं. आणि त्या आतल्या हिरव्याला ऊन भाजू नये म्हणून बुरशी वरच्या थरात अ‍ॅट्रानोरिन नावाचं रसायन बनवून ठेवते. ते फिकं करडं दिसणं त्यातूनच आलेलं. आता या अ‍ॅट्रानोरिनची गंमत अशी की त्याला स्वतःला काही वास नाही. त्याचा रेणू म्हणजे दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या, तो जोड तुटला की जे तुकडे सुटतात त्यातल्या एकाला ओल्या रानाचा वास असतो. आत्याच्या कढईत शेवटच्या चमचाभर तेलात तेच होत असणार. म्हणजे ज्या वासावरून आमच्याकडे मसाला पास-नापास ठरतो तो मुळात एका बुरशीच्या सनस्क्रीनचा. मला हे ऐकून का कोण जाणे फार बरं वाटलं.

मग तिनं ब्लीच मागितलं. कपड्यांचं, साधं. एका मोठ्या तुकड्याचा वरचा थर ब्लेडनं हलकेच खरवडला, आत पांढरं निघालं, त्यावर काडीनं एक थेंब सोडला, आणि तो पांढरा ठिपका माझ्यादेखत लालभडक झाला. अगदी रक्त आल्यासारखा. मी दचकलेच. बघता बघता तो लाल रंग उडूनही गेला. म्हणे आत लेकॅनोरिक अ‍ॅसिड असलं की असं होतं. दुसऱ्या तुकड्यावर थेंब टाकला तर ढिम्म, काही नाही. तिसरा परत लाल. म्हणजे दुकानदार ज्याला एकच माल म्हणून देतो त्यात निरनिराळ्या जाती आहेत, डोळ्यांना सारख्याच, फक्त आतली रसायनं वेगळी. मसाला राहिला बाजूला, आम्ही दोघी तासभर थेंबच टाकत बसलो.

ही थेंबाची परीक्षा काढली नायलँडर नावाच्या फिनिश माणसानं, पॅरिसमध्ये बसून, 1866 साली. त्याच वर्षी त्यानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, की तिथल्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवर जी दगडफुलं आहेत ती बाकीच्या शहरात सापडत नाहीत, बहुतेक हवेमुळे. एवढा तल्लख डोळ्यांचा माणूस, पण दगडफूल म्हणजे बुरशी अधिक शैवाल हे त्याला मरेपर्यंत पटलं नाही. ब्लीचनं लाल होतं ते चालेल, पण दोघं एकत्र राहतात हे नाही. असे काका प्रत्येक खानदानात एक असतात. आपल्याकडे पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, माखिजा अशा मंडळींनी सह्याद्रीतल्या दगडफुलांवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्या रस्त्यानं मी हजारदा गेले असेन, आत कोणीतरी माझ्या मसाल्याकडे भिंगातून बघतंय याचा पत्ता नाही.

आणि लिटमस! शाळेतला निळ्याचा लाल होणारा कागद, तोही दगडफुलांचाच. वेगळी जात, पण लेकॅनोरिकसारखीच आम्लं, अमोनियात आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायची की रंग चढतो. जुन्या काळी रंगारी अमोनिया म्हणून शिळं मूत्र वापरायचे. आम्ही वर्गात तो कागद जिभेला लावून बघायचो, हे आठवून आत्ता जरा कसंतरी झालं.

युरोपात तर याच जातकुळीचा अर्क अत्तरात जातो, ओकमॉस म्हणतात त्याला. 1917 साली कोटी नावाच्या फ्रेंच अत्तरवाल्यानं शीप्र नावाचं अत्तर काढलं आणि तसल्या वासाची परंपराच पडली. आता मात्र त्या अर्कात अ‍ॅट्रानोल नावाचं आणखी एक रसायन असतं, त्यानं काहींच्या कातडीला अ‍ॅलर्जी येते, म्हणून युरोपियन युनियननं 2017 मध्ये त्या अ‍ॅट्रानोलवर बंदीचा नियम केला. भाचीनं हे मोठ्या गंभीरपणे वाचून दाखवलं. मी म्हटलं बाई, आमटी कोण मानेला लावतंय.

एक गोष्ट मात्र तिनं जाता जाता सांगितली ती काही डोक्यातून जात नाहीये. ही फार सावकाश वाढतात, वर्षाला काही मिलिमीटर. परातीत तळहाताएवढा एक तुकडा होता, त्याची कड उचलून ती म्हणाली, हा बहुतेक माझ्यापेक्षा मोठा असेल. उत्तराखंडातल्या, हिमाचलातल्या झाडांवरून हे खरवडून पोती भरभरून खाली येतं, तिथनं व्यापाऱ्याकडे, तिथनं आपल्या गल्लीत, आणि आपण पन्नास ग्रॅम द्या म्हणतो. लावता येत नाही, पेरता येत नाही, शेती वगैरे काही नाही. हवा बिघडली की सगळ्यात आधी हेच जातं. नायलँडरला जे पॅरिसमध्ये दिसलं ते आपल्या शहरांना केव्हाच झालंय, आमच्या सोसायटीतल्या आंब्याच्या बुंध्यावर मी मुद्दाम जाऊन बघितलं, पांढरट डाग आहेत काही, चिकटलेले, पण कुरळं, पानासारखं उचलता येईल असं काही नाही.

मसाला तर केलाच. डंकावर नेला, कुटून आणला, घरभर वास आहे. दगडफूल मी या वेळी अर्धी मूठच घातलं. भाची म्हणते काही फरक पडला नाही. मला पडलाय.