उलटतपासातला होकार

सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून काम करताना बलात्काराच्या खटल्यांतील साक्षी मी पुष्कळ नोंदवून घेतल्या आहेत. त्यांतला एक दिवस मात्र मनातून जात नाही, कारण त्या दिवशी माझ्याच साक्षीदाराच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने खटला हातचा जाण्याची वेळ आली होती आणि त्यात तिच्यापेक्षा माझी चूक अधिक होती. पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी ती केली नसती. म्हणून गाव, कारखाना आणि वर्ष यांचा उल्लेख येथे टाळला आहे.

ती मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली होती. नवराबायकोच्या एका ‘कोयत्या’साठी मुकादमाने ९०,००० रुपयांची उचल दिली होती आणि हंगाम संपेपर्यंत ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे येणे भाग होते. कोणी कोणत्या फडात तोडायचे, दिवसाची किती मोळी कोणाच्या नावावर लिहायची, आजारी माणसाचा खाडा धरायचा की नाही, हे सगळे तोच ठरवत असे. ज्या रात्रीची ही घटना, त्या रात्री नवरा भरलेल्या गाडीबरोबर कारखान्यावर गेला होता आणि गाडी रिकामी होण्यासाठी रांगेत थांबलेला होता. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ती आणि तिचे दोन वर्षांचे मूल होते. फिर्याद ११ दिवसांनी दाखल झाली. अंगावर जखमा नव्हत्या. शेजारची कोपी दोन हातांवर होती आणि कोणीही आरडाओरडा ऐकला नव्हता.

आरोपीचा बचाव सरळ होता: संबंध झाले, पण राजीखुशीने, उचल माफ होत नाही असे दिसल्यावर फिर्याद दिली. त्याच्या वकिलांविषयी मला आदर आहे. ते जुने, अभ्यासू गृहस्थ आहेत आणि अशिलाचा बचाव त्यांनी जीव ओतून करावा, हे मला आवडते. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही. दहा वर्षे किंवा जन्मभर तुरुंगात जाणाऱ्या माणसाला ‘तू निर्दोष असल्याचे तूच सिद्ध कर’ असे सांगणारे न्यायालय मला नको आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सरकार पक्षावरचे हे ओझे व्यवहारात फार वेळा त्या बाईच्या अंगावर उतरते, आणि मग तिचा दंड काळानिळा झाला होता का, तिची बांगडी फुटली होती का, तिचा आवाज दोन हातांपलीकडे गेला होता का, यावरून तिच्या मनात काय होते ते ठरवले जाते.

गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला असल्यामुळे खटला भारतीय दंड संहिता आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाखाली चालला. स्त्रीवर ताबा किंवा वर्चस्व असलेल्या माणसाने केलेला बलात्कार हा दंड संहितेच्या कलम ३७६ च्या पोटकलम २ मध्ये २०१३ पासून स्वतंत्रपणे धरला जात असे आणि दोषारोप त्याखाली ठेवला होता. त्यामुळे पुरावा अधिनियमाचे कलम ११४-अ लागू होत होते. या कलमाविषयी बाहेर मोठा गैरसमज आहे; बाईने म्हटले की आरोपी दोषी, असे ते नाही. मुकादमाचे तिच्यावर वर्चस्व होते हे मला सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी जप्ती पंचनाम्यात आलेली उचलीची वही मी आधीच शाबीत करून घेतली होती. शरीरसंबंध झाला हेही मलाच सिद्ध करायचे होते. एवढे झाल्यावर, आणि त्या स्त्रीने न्यायालयापुढील साक्षीत ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितल्यावर, संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. आरोपीला ते गृहीतक खोडून काढण्याची मुभा असतेच. म्हणजे पोलिसांपुढच्या जबाबात ते वाक्य असून भागत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात ते तिच्या तोंडून यावे लागते.

नेमके तेच मी घडवून आणले नव्हते. फिर्यादीत ‘माझ्या इच्छेविरुद्ध व माझ्या संमतीशिवाय’ असे शब्द होते आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबातही तेच होते. मी ते इतक्या वेळा वाचले होते की ते तिचेच शब्द आहेत असे मला वाटू लागले होते. वास्तविक बलात्काराच्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत हे वाक्य असेच, याच क्रमाने येते. ते लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या हाताला बसलेले असते. सरतपासात, म्हणजे मी स्वतः घेतलेल्या पहिल्या तपासात, तिने सगळे सांगितले. दार म्हणून लावलेले पोते बाजूला करून तो आत आला, तिने मुलाला जवळ ओढले आणि तोंड कुडाकडे, म्हणजे कोपीच्या भिंतीकडे, फिरवले, ‘त्यानं वाईट काम केलं’, आणि जाताना ‘वहीत बघून घेतो’ म्हणाला. बंद न्यायालय होते, आरोपी आणि तिच्यामध्ये पडदा होता, न्यायाधीश महिला होत्या, आणि ती न थांबता बोलली होती. एवढे बोलल्यावर आणखी काय विचारायचे, असे मला वाटले आणि मी खाली बसले.

उलटतपास तासभर चालला. आपल्याकडे साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर सलग निवेदनासारखी उतरवली जाते; वकिलाने मांडलेले म्हणणे साक्षीदाराने मान्य केले की ‘हे म्हणणे खरे आहे की’ अशी सुरुवात होऊन वकिलाचेच वाक्य साक्षीदाराच्या नावावर जमा होते. तसे एकेक जमा होत गेले. ‘हे म्हणणे खरे आहे की, त्या वेळी मी ओरडले नाही. हे म्हणणे खरे आहे की, मी आरोपीला ढकलले नाही.’ का ओरडली नाहीस, असे वकिलांनी एकदा विचारले आणि तो त्यांचा हिशेब चुकला. ती म्हणाली, “कुनाला उठवू? समदी त्याच्याच उचलीवर आल्याली.” ते उत्तर न्यायाधीशांनी तिच्याच शब्दांत उतरवून घेतले. आरोपीशी तुझे फोनवर बोलणे व्हायचे का, नवरा नसताना आणखी कोण यायचे, या वळणावर प्रश्न जाताच मी हरकत घेतली आणि ती मान्य झाली. पूर्वीच्या संबंधांवरून संमती सुचवणारे प्रश्न विचारण्याला कायद्याने बंदी आहे. मग वकील दवाखान्याकडे वळले. ११ दिवसांनी तपासणी झाली, डॉक्टरांना एकही जखम दिसली नाही, पोलीस शिपाई बाई बरोबर होत्या, हे सगळे तिने मान्य केले. त्याच ओघात, आवाज न चढवता, त्यांनी विचारले, “आणि तुम्ही संमती दिली होती, हे खरं आहे ना?”

ती म्हणाली, “व्हय, दिली व्हती.”

लघुलेखकाने मान वर करून न्यायाधीशांकडे पाहिले. न्यायाधीशांनी तिला विचारले, “प्रश्न समजला का?” ती म्हणाली, “समजला.” वाक्य उतरले : ‘हे म्हणणे खरे आहे की, मी संमती दिली होती.’ वकिलांनी हातातला कागद दुमडला आणि पुढे काही विचारायचे नसल्याचे सांगितले. त्यांनी सापळा रचला होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरही क्षणभर आश्चर्य होते. जेवणाची सुट्टी झाली.

त्या पाऊण तासात मला तिच्याशी बोलता येत नव्हते. साक्ष अर्धवट असताना साक्षीदाराला काही सुचवणे सचोटीला धरून नाही, आणि उलटतपासानंतर मी पुन्हा घ्यायच्या फेरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्नही विचारता येत नाही. ती पलीकडच्या बाकावर महिला शिपायाशेजारी बसून डब्यातली भाकरी खात होती आणि आपण काही वेगळे बोललो आहोत याची तिच्या चेहऱ्यावर कसलीही खूण नव्हती.

मला त्या वेळी सारखे देसाईगंज आठवत होते. विदर्भातल्या त्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी निमूटपणे शरीर स्वाधीन होणे म्हणजे इच्छा नव्हे, असे सांगून त्यांना शिक्षा दिली. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, यांवर भर देऊन त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता की, शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे. त्यातून उठलेल्या चळवळीनंतर १९८३ ची दुरुस्ती आली आणि तिच्याबरोबर हेच कलम ११४-अ आले. पुढे २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात लिहिली गेली : शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे व्यक्त केलेली, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. एवढ्या लोकांनी एवढ्या वर्षांत कमावलेले ते सगळे माझ्यासमोरच्या पुस्तकात होते आणि माझ्या साक्षीदाराच्या नावावर ‘मी संमती दिली होती’ हे वाक्य होते.

मी वैद्यकीय अहवाल पुन्हा उघडला तो जखमांचा रकाना पाहण्यासाठी. पहिल्याच पानावर, तपासणीला संमती असल्याच्या छापील मजकुराखाली, तिचा अंगठा होता. पीडितेच्या संमतीखेरीज तिची तपासणी करता येत नाही, ही कायद्याचीच तरतूद आहे. तो कागद मी दहा वेळा पाहिला असेन, पण त्या अंगठ्याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते.

सुट्टीनंतर मी फेरतपासाची परवानगी मागितली. सरतपासात राहिलेली उणीव आता भरून काढली जात आहे, अशी हरकत बचाव पक्षाने घेतली, आणि ती अगदीच गैरलागू होती असे मी म्हणणार नाही. उलटतपासात आलेल्या उत्तराचा खुलासा एवढ्यापुरतीच न्यायाधीशांनी परवानगी दिली, आणि हा भाग प्रश्न-उत्तर स्वरूपातच नोंदवायचा असा आदेश दिला. त्या आदेशाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. निवेदनाच्या रूपात पुढचे काहीच टिकले नसते.

मी विचारले, “तुम्ही संमती दिली असं म्हणालात. ती कुठे दिली?”

“दवाखान्यात. डाक्टरीणबाईनं कागुद म्होरं केला, म्हनली संमती द्या मंग तपासू. म्या अंगठा दिला.”

“संमती म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?”

“कागदावर अंगठा. उचलीच्या कागदावर बी दिल्ता, पर त्याला संमती म्हनत्यात का ते म्हाईत न्हाई.”

“आणि त्या रात्री कोपीत जे झालं, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

मुद्दाम एवढाच उघडा प्रश्न मी ठेवला होता आणि तो विचारताना माझा आवाज नीट लागला नाही. तिने पदर सारखा केला. पडद्याच्या दिशेने पाहिले, मग न्यायाधीशांकडे.

“तिथं मला कुनी इचारलंच न्हाई की. माझी मर्जी नव्हती. म्या कुडाकडं तोंड केल्तं, त्याला दिसत व्हतं.”

बचाव पक्षाने परवानगी घेऊन या मुद्द्यापुरता आणखी उलटतपास केला आणि हे उत्तर सुट्टीत शिकवले गेले असे सुचवले. तिने ते नाकारले. शेजारी बसलेल्या शिपाई बाईंचीही त्यावर पुढे साक्ष झाली. निकाल लागायला आणखी काही महिने गेले. न्यायाधीशांनी वर्चस्व उचलीच्या वहीवरून सिद्ध मानले, ‘मर्जी नव्हती’ हे विधान कलम ११४-अ साठी पुरेसे धरले, आणि आरोपीने ते गृहीतक खोडून काढण्याजोगे काही दाखवले नाही असे नमूद करून त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याचे अपील उच्च न्यायालयात प्रलंबित आहे; तिथे तो होकार आणि तो खुलासा दोन्ही वाचले जातील, आणि तिथले न्यायमूर्ती काय ठरवतील याविषयी आज बोलणे मला योग्य वाटत नाही.

सरतपासाच्या तयारीत मी आता फिर्याद बाजूला ठेवते. ज्या शब्दात ती बाई स्वतःच्या घरात नकार देत असेल, तो शब्द आधी ऐकून घेते. कोणी ‘मर्जी’ म्हणते, कोणी ‘राजी नव्हते’ म्हणते, एकीने नुसते ‘मी त्याला भाकरी वाढली नव्हती’ असे सांगितले होते आणि त्याचा अर्थ उलगडायला मला अर्धा तास लागला होता.

त्या संध्याकाळी नियमाप्रमाणे तिची साक्ष तिला वाचून दाखवली गेली. लघुलेखक भराभर वाचत होता. सकाळपासूनचे तेच ते ऐकताना ती खाली पाहत होती. कुडाचे वाक्य आले तेव्हा तिने मान हलवली. वाचून झाल्यावर त्याने शाईचे पॅड आणि शेवटचे पान तिच्यापुढे सरकवले आणि बोट ठेवून जागा दाखवली. तिने अंगठा पुढे केला, पॅडच्या वर थांबवला, आणि मान वर करून मला विचारले,

“म्याडम, ह्यो कशाचा?”

मी तिला सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर तिने अंगठा टेकवला.