जुनी बेसबॉल कार्डे : आधी ओळख, मग किंमत

जुनी बेसबॉल कार्डे, म्हणजे बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली छापील कार्डे, नव्याने जमवू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. हातातले कार्ड किती डॉलरचे, हे त्याला लगेच हवे असते. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. कार्ड कोणत्या वर्षाचे, कोणत्या संचातले आणि त्या संचातल्या कोणत्या प्रकारचे, हे पक्के होईपर्यंत सांगितलेली कोणतीही किंमत हवेतलीच असते. संदर्भसाधनांचीही अशीच विभागणी आहे. काही साधने कार्डाची ओळख पटवतात, काही बाजारभाव सांगतात, आणि नवा संग्राहक थेट भावाकडे धावतो.

ओळख पटवण्याच्या कामाचा पाया न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी घातला. त्यांनी १९३९ मध्ये कार्डांची पहिली सूची प्रसिद्ध केली आणि पुढे ती 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' या नावाने वाढत गेली. संचांना त्यांनी अक्षर आणि क्रमांक दिले: एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू कंपन्यांच्या कार्डांना एन, विसाव्या शतकातल्यांना टी, सुरुवातीच्या काळात मिठाईबरोबर येणाऱ्यांना ई, च्युइंगगमबरोबर येणाऱ्यांना आर. संग्राहक आजही 'टी२०६' म्हणतात ते याच सूचीमुळे. १९०९ ते १९११ या काळातल्या त्या संचातल्या कार्डावर ना वर्ष छापलेले आहे ना क्रमांक, त्यामुळे सूची हाती नसेल तर नवख्याला त्याचा ठावठिकाणा लागणे कठीण. मागच्या बाजूला सिगारेटची जाहिरात असते. पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल ही नावे वारंवार दिसतात, इतर काही क्वचितच, आणि समोरचे चित्र तेच असले तरी मागच्या जाहिरातीवरून किंमत कितीतरी पटींनी बदलू शकते. बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक कार्डांचा आणि छापील कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. त्यातली बेसबॉल कार्डे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर निवांत पाहत बसणे हे मला कोणत्याही दरपुस्तिकेपेक्षा चांगले शिक्षण वाटते.

बर्डिक यांच्यानंतर या कामाचा मोठा भार 'स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ बेसबॉल कार्ड्स' या जाडजूड ग्रंथाने उचलला. प्रत्येक संचाचे वर्णन, आकार, कार्डांची क्रमवार यादी आणि छपाईतले फरक त्यात दिलेले असतात. नवख्याने याची एखादी जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर जरूर घ्यावी. तिच्यातले भाव केव्हाच शिळे झालेले असतील, पण गाउडी या च्युइंगगम कंपनीच्या १९३३ च्या संचात २४० कार्डे आहेत, खेळाडू बेब रूथ यांची त्यात चार वेगवेगळी कार्डे आहेत आणि नॅप लाजोई यांचे १०६ क्रमांकाचे कार्ड मूळ वर्षी निघालेच नाही, ते १९३४ मध्ये छापले गेले, ही माहिती शिळी होत नाही. ज्यांना पुस्तक नको असेल त्यांना 'ट्रेडिंग कार्ड डेटाबेस' या विनामूल्य संकेतस्थळावर याद्या आणि बहुसंख्य कार्डांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळतात.

आता एकच संच जरा जवळून पाहू. टॉप्स कंपनीचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा आहे. त्यातली पहिली ८० कार्डे मागे काळ्या शाईत आणि लाल शाईत अशा दोन प्रकारांत सापडतात. ४८ क्रमांकाचे जो पेज आणि ४९ क्रमांकाचे जॉनी सेन यांच्या काही कार्डांवर मागचा चरित्रमजकूर एकमेकांचा छापला गेला आहे, आणि चूक असलेल्या व सुधारलेल्या कार्डांना वेगवेगळा भाव मिळतो. हा संच एकदम न निघता मालिकांमध्ये टप्प्याटप्प्याने निघाला, आणि ३११ पासून पुढची कार्डे शेवटच्या मालिकेतली. ती उशिरा बाजारात आली, त्यांचा खप कमी झाला आणि उरलेला माल कंपनीने पुढे समुद्रात टाकून दिला. त्यामुळे या मालिकेतल्या सामान्य खेळाडूचे कार्डही पहिल्या मालिकेतल्या तशाच कार्डापेक्षा कितीतरी महाग असते. मिकी मँटल यांचे ३११ क्रमांकाचे सुप्रसिद्ध कार्ड इथूनच सुरू होणाऱ्या रांगेतले. याच संचाची नक्कल टॉप्सने स्वतः १९८३ मध्ये काढली होती. मूळ कार्ड २.६२५ बाय ३.७५ इंचांचे आणि नक्कल २.५ बाय ३.५ इंचांची, म्हणजे साध्या मोजपट्टीनेही दोन्ही वेगळी ओळखता येतात. अर्थात मूळ आकारातल्या बनावट कार्डांना ही कसोटी पुरत नाही. तिथे कागदाची जाडी आणि भिंगाखाली दिसणारे छपाईचे ठिपके पाहावे लागतात, आणि त्यासाठी त्याच संचाचे एखादे स्वस्त पण खात्रीचे कार्ड तुलनेला जवळ असणे फार उपयोगी पडते.

भावांच्या साधनांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. संख्याशास्त्राचे अभ्यासक जेम्स बेकेट यांनी डेनिस एकेस यांच्यासह १९७९ मध्ये पहिली दरपुस्तिका काढली, आणि १९८४ पासून बेकेट यांचे मासिक निघू लागले. पुढची कित्येक वर्षे देवघेव करणारे लोक 'बेकेटच्या (म्हणजे त्यात छापलेल्या भावाच्या) इतके टक्के' याच भाषेत बोलत. छापील भावाची अडचण अशी, की तो अंक हाती पडेपर्यंतच जुना होतो आणि तो प्रत्यक्ष झालेला व्यवहार नसून अंदाज असतो. मी आज असा भाव दोन कार्डांमधले तुलनात्मक अंतर समजण्यापुरताच वापरतो.

प्रत्यक्ष विक्री पाहायची तर ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तूंचीच यादी दाखवणारा पर्याय निवडावा. मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. कोणी तेवढे पैसे मोजले, याचा तो पुरावा नव्हे. घासाघीस होऊन ठरलेली खरी रक्कम ईबेवर नेहमी दिसत नाही, तेव्हा '१३०पॉइंट' हे संकेतस्थळ कामी येते. जुन्या कार्डांसाठी 'व्हिंटेज कार्ड प्राइसेस' ही पैसे भरून मिळणारी सेवा वर्षानुवर्षांचे व्यवहार एकत्र दाखवते, आणि कार्डे तपासणाऱ्या 'पीएसए' या संस्थेच्या संकेतस्थळावर लिलावातल्या किमतींची नोंद फुकट पाहता येते. एका विक्रीवरून भाव ठरवू नये. त्या कार्डाच्या एकाच प्रतीच्या, म्हणजे एकाच दर्जाच्या, निदान चार-पाच अलीकडच्या विक्री पाहाव्यात, सर्वांत चढी आणि सर्वांत उतरती बाजूला ठेवावी, आणि उरलेल्यांची छायाचित्रे उघडून पाहावीत.

छायाचित्रे उघडायची कारण प्रत दाखवणारा आकडा सगळे सांगत नाही. पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डे तपासून १ ते १० या मापावर त्यांची प्रत ठरवते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देते. एसजीसी आणि बेकेट यांच्याही अशा सेवा आहेत. ५ आकड्याचे एक कार्ड चारही बाजूंना समान पांढरी कड राखून रेखीव दिसते, तर त्याच आकड्याच्या दुसऱ्या कार्डाचे चित्र एका बाजूला सरकलेले असते. अनुभवी लोक पहिल्यासाठी आनंदाने जास्त पैसे देतात, आणि त्यांचे बरोबर आहे. घडी पडलेले, कोपरे गोलावलेले पण समोरून देखणे असे ३ आकड्याचे कार्ड नवख्याने घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. तेच चित्र, तोच इतिहास, आणि खर्च ८ आकड्याच्या कार्डाच्या अगदी लहानशा हिश्श्याइतका.

कोणत्या प्रतीची किती कार्डे तपासली गेली याचे तक्तेही या संस्था देतात, पण ते जपून वाचावेत. चढा आकडा मिळेल या आशेने लोक कार्ड पेटीतून काढून पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच कार्ड दोनदा मोजले गेलेले असू शकते. शिवाय स्वस्त कार्डे तपासणीचा खर्च करून कोणी पाठवत नाही, म्हणून तक्त्यात कमी दिसणारे प्रत्येक कार्ड दुर्मीळ असतेच असे नाही. आणि तपासणीचा शिक्का अंतिम मानू नये, याचे सर्वांत ठळक उदाहरण खेळाडू होनस वॅग्नर यांच्या सर्वांत गाजलेल्या टी२०६ कार्डाचे. पीएसएने ८ आकडा दिलेल्या त्या कार्डाच्या कडा आपणच छाटल्या होत्या, हे लिलावव्यावसायिक बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केले.

क्वचितच विकल्या जाणाऱ्या कार्डांसाठी ईबेवर पुरेसे व्यवहार सापडत नाहीत. तिथे हेरिटेज किंवा रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्स यांच्यासारख्या लिलावगृहांचे जुने निकाल शोधावेत. त्यांतली वर्णने वाचूनही खूप शिकायला मिळते. फक्त एवढे तपासावे, की दिलेल्या रकमेत खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे जादा शुल्क धरलेले आहे की नाही, कारण ते मूळ बोलीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असू शकते आणि धरलेली व न धरलेली रक्कम शेजारी ठेवून केलेली तुलना चुकीची ठरते.