आमची वाटचाल : मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यापासून लाल पेशींपर्यंत

आमची फर्म छोटीच, आणि सुरुवात सॉफ्टवेअरची नव्हतीच मुळी, लॅबवाल्यांच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा बसवून द्यायचा आणि सर्व्हिसिंग करायचं एवढंच काम. पण कॅमेरा बसवला की प्रश्न ठरलेला, "फोटो छान येतोय, पण हा स्वतःहून काही सांगणार का?" तिथून हे सगळं, म्हणजे ॲनिमियासाठी रक्ताच्या स्लाइडच्या फोटोवरून लाल पेशी मोजणारं आमचं सॉफ्टवेअर, सुरू झालं.

ॲनिमियाच का, तर सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची नेहमीची तपासणी) करणारं मशीन हिमोग्लोबिन कमी आहे हे सांगतं, पण का कमी आहे याचा बराचसा माग स्लाइडवरच्या लाल पेशी देतात. लोह कमी असलं की पेशी बारक्या आणि मधे जास्तच फिकट, बी१२ किंवा फोलेट कमी असलं की मोठ्या, अंडाकृती. आता एकाच पेशंटला दोन्ही कमी असेल तर? मशीनचा एमसीव्ही म्हणजे लाल पेशींच्या आकारमानाची सरासरी, बारक्या आणि मोठ्या मिळून तो ८० ते १०० फेम्टोलिटरच्या मधे येऊन बसतो आणि रिपोर्टवर नॉर्मल दिसतो. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा, वाढलेला असतो हो, पण घाईत तिकडे बघतंय कोण! आम्ही स्लाइडवरच्या प्रत्येक पेशीचा व्यास मोजून आलेख काढला तर अशा केसमधे सरळ दोन उंचवटे दिसू शकतात. एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो बघितला आणि म्हणाल्या, हे मला रिपोर्टमधेच द्या. झालं, तेच आमचं प्रॉडक्ट.

कोडिंगचं फार कौतुक नको. पेशी बॅकग्राउंडपासून वेगळी करायला ओत्सूची १९७९ ची थ्रेशोल्ड पद्धत (गडद आणि उजळ यांच्यात सीमा ठरवणारी) अजूनही चालते, चिकटलेल्या पेशी सुट्या करायला वॉटरशेड नावाची पद्धत, पुढे २०१५ मधे आलेलं यू-नेट हे न्यूरल नेटवर्क. खरी डोकेदुखी स्लाइडची. जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या, स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, अगदी पातळ शेपटाकडे गेलं तर त्या चपट्या होतात, मधला फिकटपणा गायब आणि सगळ्याच स्फेरोसाइट (मधे फिकटपणा नसलेल्या गोल पेशी) वाटायला लागतात. स्लाइड रंगवतानाच्या बफर द्रावाचा पीएच ६.८ च्या फार वर गेला की लाल पेशी निळसर करड्या. स्लाइड सावकाश वाळली तर पाण्यामुळे पेशीत रिकामी जागा दिसते आणि प्रोग्राम म्हणतो हायपोक्रोमिया, म्हणजे पेशी फिकट! त्यावर उपाय असा की रंग कडेकडून मधे कसा उतरतो ते बघायचं, खरा फिकटपणा हळूहळू उतरतो, पाण्याच्या डागाची कड एकदम कापल्यासारखी असते. तसंच टिअर ड्रॉप सेल्सचं (अश्रूच्या थेंबासारख्या, शेपटी असलेल्या पेशी), सगळ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला असतील तर तो आजार नाही, स्मिअर ओढतानाचा प्रकार आहे, म्हणून आता आम्ही शेपटीचा कोनही मोजतो.

आकारासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन मायक्रॉनची पट्टी असलेल्या स्लाइडवर करतोच, पण पॅथॉलॉजिस्ट लोकांची जुनी सवय आहे, लाल पेशी छोट्या लिम्फोसाइटच्या (एक प्रकारची पांढरी पेशी) केंद्रकाएवढी दिसली की ठीक, ती सवयही सॉफ्टवेअरमधे घातली क्रॉसचेक म्हणून. कॅलिब्रेशन घसरलं की इथे लगेच पकडलं जातं.

विक्रीला सगळ्यात नडलेली गोष्ट म्हणजे खराब स्लाइडला आमचं सॉफ्टवेअर आकडा देतच नाही, "पुन्हा स्मिअर करा" म्हणतं. पैसे देऊन नकार ऐकायचा, कोणाला आवडेल? काही लॅबनी त्यामुळेच नाही म्हटलं. तरी हे फीचर बंद करायचं बटण आम्ही दिलेलं नाही, देणारही नाही.

आणि निदान आम्ही छापत नाही. बारक्या फिकट पेशी किती टक्के, मोठ्या किती, टार्गेट सेल (मधे गडद ठिपका असलेल्या पेशी) दिसल्या का, एवढंच देतो, कारण थॅलसेमिया ट्रेटमधेही (थॅलसेमियाचा सौम्य, आनुवंशिक प्रकार) पेशी बारक्याच असतात, तिथे फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारं) आणि हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) बघावं लागतं, आणि ते फोटोत नाही दिसत.

सध्या पेन्सिल सेल आणि सिकल सेल वेगळ्या काढायचं काम चालू आहे, दोन्ही लांबट, फरक मुख्यतः बाकाचा आणि टोकांचा, आणि काही पेशींवर आमच्या दोन पॅथॉलॉजिस्टचंच एकमत होत नाही, त्या पेशी तेवढ्या ट्रेनिंगमधून बाजूला ठेवल्यात.